जुनी लेन्स, नवा मिररलेस: बसते जवळपास सगळीच, घ्यायची कोणती?

वाचकांकडून दोन प्रश्न सतत येत असतात. पहिला असा: ‘घरात जुना फिल्म कॅमेरा आहे, त्याची लेन्स माझ्या फुल-फ्रेम मिररलेसला लागेल का?’ दुसरा प्रश्न पैसे खर्च करून झालेल्यांचा असतो: ‘रेंजफाइंडरची वाइड लेन्स घेतली, मधला भाग सुरेख येतो, मग कडेची झाडं ओढल्यासारखी का दिसतात?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लेन्स कॅमेऱ्यापासून सुटी होत असेल तर बहुतेक वेळा लागते. दुसऱ्याचं उत्तर मात्र खरेदीच्या आधीच समजून घ्यायला हवं, कारण तो दोष कुठल्याही सेटिंगने जात नाही.

म्हणून सुरुवातीलाच सल्ला देऊन ठेवतो. रेंजफाइंडरच्या लेन्स घ्यायच्या तर ५० मिमी आणि त्यापुढच्या घ्या. वाइड हवी असेल तर जुन्या एसएलआरची घ्या. एवढं पाळलंत तरी निम्मा मनस्ताप वाचेल.

आधी लेन्स सुटी होते का ते पाहा

कपाटात सापडणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांपैकी याशिका इलेक्ट्रो ३५, कॅननचा कॅनोनेट, ऑलिंपस ट्रिप ३५ यांच्या लेन्स कॅमेऱ्याला कायमच्या जोडलेल्या असतात. शटरसुद्धा लेन्सच्या आतच असतं. याशिका इलेक्ट्रो हा रेंजफाइंडर आहे हे खरं, पण त्याची लेन्स काढता येत नाही. ती उपटून काढायच्या फंदात कृपया पडू नका. असा कॅमेरा चालत असेल तर त्यात फिल्म घालून वापरा, त्याचं चीज तिथेच होईल.

पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२, याशिका एफएक्स-३, कॅनन एई-१, मिनोल्टाची एक्स मालिका, झेनिट यांच्या लेन्स मात्र सुट्या होतात आणि आजच्या कॅमेऱ्यावर छान चालतात.

अंतराचा हिशेब, गरजेपुरता

प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जिथे बसते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंत ठरावीक अंतर असतं. आजच्या मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे हे अंतर फार कमी आहे:

- निकॉन झेड: १६ मिमी
- सोनी ई: १८ मिमी
- कॅनन आरएफ आणि एल माउंट: २० मिमी

जुन्या लेन्सना लागणारं अंतर त्याहून जास्त असतं:

- लायका एम: २७.८ मिमी
- लायकाचा ३९ मिमी आट्यांचा माउंट (एलटीएम): २८.८ मिमी
- कॅनन एफडी: ४२ मिमी
- मिनोल्टा एमडी: ४३.५ मिमी
- एम४२ आट्यांचा माउंट आणि पेंटॅक्स के: ४५.४६ मिमी
- ऑलिंपस ओएम: ४६ मिमी
- निकॉन एफ: ४६.५ मिमी

दोहोंमधली फरकाची जागा अडॅप्टर भरून काढतो. तो म्हणजे धातूची पोकळ नळी, आत काच नाही. त्यामुळे लेन्सच्या मूळ गुणांत काही मिसळत नाही आणि काही वजाही होत नाही. एलटीएम आणि लायका एम यांच्यात नेमका १ मिमीचा फरक आहे, हे ध्यानात ठेवा. एलटीएम लेन्सवर १ मिमी जाडीची कडी बसवली की ती एम लेन्स होते. तेव्हा दोन वेगळे अडॅप्टर घेण्यापेक्षा एम माउंटचा एकच चांगला अडॅप्टर घ्या आणि प्रत्येक एलटीएम लेन्सला एकेक कडी कायमची लावून ठेवा.

इथे फसगत होते

- ३९ मिमीचे आटे सगळे एक नाहीत. सुरुवातीच्या झेनिट एसएलआरच्या लेन्सनाही ३९ मिमीचेच आटे होते, पण त्यांना सुमारे ४५ मिमी अंतर लागतं. इंडस्टार-५० दोन्ही प्रकारांत मिळते. झेनिटची लेन्स एलटीएम अडॅप्टरवर बसते छान, पण कशावरच फोकस होत नाही. फोटो छापण्याच्या एन्लार्जरच्या लेन्सनाही बहुधा हेच आटे असतात आणि त्यांना फोकसची कडीच नसते.
- किएव्हचा माउंट. ज्युपिटर-८ ही ५० मिमी एफ/२ लेन्स आट्यांच्या आणि किएव्ह, अशा दोन्ही माउंटांत बनली. किएव्हवाली स्वस्त दिसते, पण किएव्ह कॅमेऱ्यात ५० मिमी लेन्सची फोकसची यंत्रणा कॅमेऱ्याच्या अंगात असते, लेन्समध्ये नाही. फोकसची सोय असलेला खास अडॅप्टर घ्यावा लागतो आणि स्वस्ताई तिथेच संपते. आट्यांवालीच मागा.
- अपर्चरची कडी नसलेल्या लेन्स. निकॉनच्या जी मालिकेत ती नाही, कॅनन ईएफमध्येही नाही. निकॉन जीसाठी वेगळी कडी असलेला अडॅप्टर लागतो, ईएफसाठी इलेक्ट्रॉनिक. ईएफ लेन्स साध्या नळीवर लावलीत तर अपर्चर कॅमेऱ्यातून बदलताच येणार नाही.
- कॅनन एफडी. या अडॅप्टरवर एक फिरती कडी असते. ती ‘लॉक’कडे नेली नाही तर अपर्चर बंदच होत नाही. ‘एफ/८ लावलं तरी फोटो एफ/१.८ सारखाच येतो’ अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच.

कोपरे का बिघडतात

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नव्हता, म्हणून लेन्स बनवणाऱ्यांनी वाइड लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेली. त्यामुळे लेन्स लहान झाल्या, रेषा सरळ राहिल्या. पण फ्रेमच्या कडेला जाणारे किरण फार तिरपे पडू लागले. फिल्मला त्याचं काही वाटत नव्हतं. सेन्सरच्या वर मात्र संरक्षक काचेचा आणि फिल्टरचा थर असतो. सोनीच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यांत तो साधारण २ मिमीचा आहे. डिजिटल लायका एममध्ये १ मिमीहून कमी ठेवलाय, तोही मुद्दाम या लेन्ससाठी. तिरपे किरण जाड काचेतून जाताना सरकतात, एका बिंदूत मिळत नाहीत आणि कोपऱ्यातला तपशील ओढला जातो.

याच तिरपेपणाचा आणखी एक परिणाम म्हणजे कडांना येणारी जांभळट झाक. ती सेन्सरच्या बनावटीवर अवलंबून असते. सोनीने २०१५ मध्ये ए७आर २ मध्ये मागून प्रकाश घेणारा सेन्सर आणला, त्यानंतर ही झाक बरीच कमी झाली. कोपरे ओढले जाणं मात्र कमी झालं नाही, कारण काचेची जाडी तशीच राहिली. ‘नवा कॅमेरा घेतला की प्रश्न सुटेल’ असं कोणी सांगितलं तर कोणता प्रश्न, ते आधी विचारा.

व्यवहारात याचा अर्थ असा:

- ५० मिमी आणि पुढे: निर्धास्त घ्या. अपर्चर पूर्ण उघडं असताना कडा किंचित मऊ येतील, पण माणसांचे फोटो काढणाऱ्याला ते जाणवणारही नाही.
- ३५ मिमी: लेन्सनिहाय फरक पडतो. एफ/८ ला बहुतेक कामं भागतात. निसर्गचित्रं करणार असाल तर आधी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.
- २८ मिमी आणि त्याहून वाइड: जुन्या, मागची काच आत शिरणाऱ्या रचना टाळा.

निकॉन झेडच्या सेन्सरवरची काच सोनीपेक्षा पातळ आहे आणि माउंटचं अंतरही सगळ्यांत कमी. रेंजफाइंडर लेन्सच वापरायच्या असा बेत असेल आणि कॅमेरा अजून घ्यायचा असेल, तर मी झेडकडे बोट दाखवीन. कॅमेरा आधीच सोनीचा असेल तर केवळ एवढ्यासाठी तो बदलू नका.

त्यापेक्षा सोपे मार्ग आहेत. एसएलआरमध्ये आरशासाठी जागा सोडावी लागे, त्यामुळे त्यांच्या वाइड लेन्सचे किरण मुळातच कमी तिरपे पडतात. निक्कोर २८ मिमी एफ/२.८ एआय-एस, मिनोल्टा एमडी २४ मिमी एफ/२.८, ऑलिंपस ओएम २८ मिमी एफ/२.८ या लेन्स कुठल्याही फुल-फ्रेम मिररलेसवर बऱ्या चालतात. दुसरा मार्ग म्हणजे सेन्सरचा विचार करून नव्याने बनवलेली लेन्स. फोइक्टलेंडरची १५ मिमी एफ/४.५ हेलियार याचं चांगलं उदाहरण आहे. तिच्या आधीच्या आवृत्त्यांचे कोपरे सोनीवर बिघडत, म्हणून तिसरी आवृत्ती वेगळ्या रचनेची आली. जुन्या बाजारात हेलियार घेताना आवृत्ती कोणती, हे विचारल्याशिवाय राहू नका. सेन्सरवरची काच बदलून पातळ बसवून देणारेही आहेत, पण त्यात कॅमेऱ्याची वॉरंटी जाते आणि त्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्स पूर्वीसारख्या चालत नाहीत. मी ती वाट सुचवणार नाही.

रंगाची झाक तेवढी राहिली असेल तर लाइटरूम क्लासिकमध्ये ‘फ्लॅट-फील्ड करेक्शन’ आहे. लेन्ससमोर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा तुकडा धरून त्याच अपर्चरला एक फोटो काढून ठेवायचा. त्याच्या आधारे झाक जाते.

कॅमेऱ्याला इजा होऊ शकते का?

होय, दोन बाबतींत. लायकाची जुनी एल्मार, इंडस्टार-२२ अशा लेन्सची नळी आत ढकलून लहान करता येते. मिररलेसवर लावलेली असताना ती आत ढकलू नका. नळी शटरवर किंवा सेन्सरवर आदळू शकते. दुसरी बाब म्हणजे ज्युपिटर-१२ सारख्या मागे खूप बाहेर आलेल्या लेन्स. तुमच्याच मॉडेलवर ती चालल्याची खात्री झाल्याशिवाय लावू नका. लावताना जराही अडकल्यासारखं वाटलं तर जोर न लावता काढून घ्या. अशी मोडतोड वॉरंटीत बसत नाही.

अडॅप्टर कोणता

लेन्सवर खर्च करून अडॅप्टर मिळेल तो घेणं महागात पडतं. अडॅप्टर तिरका असेल तर फ्रेमची एक बाजू कायम मऊ येते आणि दोष लेन्सला दिला जातो. लेन्स लावून हलवून पाहा. थोडंसुद्धा खडखडत असेल तर बदलून घ्या. आतला भाग चकचकीत असेल तर उजेडासमोर फोटो धुरकट येतात, तिथे काळं मखमली अस्तर किंवा काळा मॅट रंग हवा.

बहुतेक अडॅप्टर मापापेक्षा केसभर कमी लांबीचे असतात, म्हणजे अनंतावर फोकस नक्की मिळावा. त्यामुळे लेन्सवरच्या अंतराच्या खुणा जुळणार नाहीत. तो बिघाड नव्हे.

रेंजफाइंडर लेन्स ०.७ ते १ मीटरच्या आत फोकस करत नाहीत. ताटातल्या पदार्थाचा किंवा फुलाचा फोटो हवा असेल तर लांबी वाढवता येणारा ‘क्लोज फोकस’ अडॅप्टर घ्या. माझ्या मते एम लेन्ससाठी घ्यावा तो हाच. स्वयंचलित फोकस देणारेही अडॅप्टर आहेत, सोनीसाठी टेकआर्ट, निकॉन झेडसाठी मेगाडॅप. त्यातली मोटर अख्खी लेन्स पुढे-मागे सरकवते, म्हणून जड लेन्सना ते चालत नाहीत.

कॅमेऱ्यात काय बदलायचं

1. ‘रिलीज विदाउट लेन्स’ सुरू करा. नाहीतर लेन्सच नाही असं समजून कॅमेरा शटर दाबू देत नाही. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.
2. कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाला लेन्सची फोकल लांबी सांगा. निकॉनमध्ये ती ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’मध्ये भरायची. चुकीचा आकडा राहिला तर फोटो उलट हलतो.
3. प्रतिमा मोठी करून दाखवणारी सोय अंगठ्याजवळच्या बटणावर आणा. रंगीत कडा दाखवणारं ‘पीकिंग’ एफ/५.६ ला ठीक आहे. एफ/१.४ किंवा एफ/२ ला त्यावर विसंबू नका, डोळ्याची पापणी मोठी करून पाहा.
4. ऑटो आयएसओ वापरत असाल तर शटरची किमान गती १/१२५ ठेवा.
5. फोटोत अपर्चरची नोंद होणार नाही. हवी असेल तर वहीत लिहा.

ज्या अपर्चरला फोटो काढायचा, त्याच अपर्चरला फोकस करा. झाइसच्या सी सोन्नार ५० मिमी एफ/१.५ सारख्या लेन्समध्ये अपर्चर बंद करताना फोकसची जागा सरकते. रेंजफाइंडरवर हा त्रास होता. इथे सेन्सरवरचंच चित्र दिसत असल्याने तो उरत नाही. सोव्हिएत लेन्सचंही तसंच. त्यांचं फोकसचं प्रमाण लायकापेक्षा वेगळं होतं, म्हणून लायकावर ज्युपिटर जवळच्या अंतरावर चुकत असे. मिररलेसवर ती अचूक चालते.

पहिली लेन्स

- निक्कोर ५० मिमी एफ/१.८ किंवा एफ/२: आपल्याकडे सहज मिळते, मजबूत असते. नवख्यांनी इथून सुरुवात करावी.
- हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२: मागची झाडी भोवऱ्यासारखी फिरलेली दिसते. मजा येते, पण एकुलती एक लेन्स म्हणून घेऊ नका.
- सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४: बांधणी अप्रतिम. हिच्या बऱ्याच प्रतींत थोरियम असलेली काच आहे, ती काळाने पिवळी पडते. अतिनील किरण देणाऱ्या दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा उतरतो. नेहमीच्या वापरात किरणोत्साराची भीती नाही, फक्त काच फोडू किंवा घासू नका.
- निक्कोर १०५ मिमी एफ/२.५: स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी याच लेन्समधली. व्यक्तिचित्रांसाठी अजूनही हीच पहिली निवड.
- नवी फोइक्टलेंडर ५० मिमी, एम माउंट: रेंजफाइंडरचा आटोपशीरपणा हवा आणि बुरशीची धास्ती नको, त्यांच्यासाठी.

हातात घेऊन काय तपासायचं

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार, चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, कुठेही जा, खिशात छोटी टॉर्च ठेवा. अपर्चर पूर्ण उघडा आणि मागून उजेड टाकून पुढून पाहा.

- कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू: बुरशी. कडेला चिमूटभर असेल तर साफ होऊ शकते. तिने काच कोरली असेल तर डाग राहतोच.
- धुक्यासारखा पातळ थर: तेलाची वाफ. कधी पुसून जाते, कधी नाही. कॅननच्या एलटीएम ५० मिमी एफ/१.८ मध्ये हा दोष फार आढळतो आणि मागची काच खराब करून ठेवतो. ती लेन्स टॉर्चशिवाय घेऊच नका.
- कडेला इंद्रधनुषी पट्टा: चिकटवलेल्या काचा सुटताहेत. दुरुस्ती लेन्सच्या किमतीला भारी पडते. सोडून द्या.
- अपर्चरच्या पात्यांवर तेल: पाती झटकन मिटतात का ते पाहा.
- स्क्रूंवर ओरखडे: लेन्स कोणीतरी उघडलेली आहे. कोणी आणि का, ते विचारा.

आतली थोडी धूळ आणि पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा यांनी चित्रात फरक पडत नाही, त्यावरून भाव मात्र जरूर पाडा. मागच्या काचेवरचा ओरखडा गंभीर समजा.

घरी आणल्यावर त्याच दिवशी चाचणी घ्या. कॅमेरा तिवईवर ठेवून दूरची इमारत मध्यभागी घ्या, नंतर तीच इमारत प्रत्येक कोपऱ्यात आणून नव्याने फोकस करा. नव्याने फोकस केल्यावर कोपरा स्वच्छ आला, तर लेन्सचं फोकसचं प्रतल वाकडं आहे इतकंच. चारही कोपरे कशानेही सुधारत नसतील, तर दोष सेन्सरच्या काचेशी न जुळण्याचा. एकच बाजू वाईट असेल तर लेन्स किंवा अडॅप्टर तिरका आहे. दुसऱ्या लेन्सवर तोच अडॅप्टर लावून दोघांपैकी कोण, ते ठरवा.

परदेशातून मागवताना

जपानी विक्रेत्यांचं ‘निअर मिंट’ हे त्यांचं त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र आहे. खाली काचेबद्दल काय लिहिलंय ते शब्दन्‌शब्द वाचा आणि टॉर्चच्या उजेडातला फोटो मागा. भारताच्या विदेश व्यापार धोरणात भांडवली वस्तू सोडून इतर वापरलेला माल निर्बंधित गटात येतो आणि त्याच्या आयातीला परवाना लागतो. पार्सल कस्टम्समध्ये अडकू शकतं, ही शक्यता धरूनच निर्णय घ्या. ‘गिफ्ट’ लिहिलं किंवा किंमत कमी दाखवली की शुल्क चुकतं, या समजुतीवर जाऊ नका. खोटी किंमत हा गुन्हा आहे आणि पार्सल हरवलं तर भरपाईही त्याच खोट्या किमतीची मिळते. देशातल्याच विक्रेत्याकडून चार पैसे जास्त देऊन बिलासह घेतलेली लेन्स मला जास्त सुरक्षित वाटते. ब्रिटन किंवा युरोपीय संघात राहणाऱ्या वाचकांना व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करण्याचा हक्क आहे, त्यांनी तो वापरावा.

तुमचे हक्क

वापरलेली वस्तू घेतली म्हणून ग्राहकाचे हक्क संपत नाहीत. दुकानदाराने ‘काच स्वच्छ’ म्हणून विकलेली लेन्स बुरशीची निघाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे. त्यासाठी:

- बिलावर लेन्सचा क्रमांक आणि काचेची स्थिती लिहून घ्या. ‘जसं आहे तसं’ असा शिक्का असेल तर त्याच भावात घेऊ नका.
- पार्सल उघडतानाचं चित्रीकरण न थांबवता करा.
- ऑनलाइन मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात निवारण करणं नियमानुसार बंधनकारक आहे.
- न जमल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

लग्नाचे फोटो काढून पोट भरणारे अनेक जण ‘आम्ही व्यावसायिक, आम्हाला हा कायदा नाही’ असं धरून चालतात. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेल्या वस्तूपुरते तुम्हीही ग्राहकच आहात. एखाद्या छंदी माणसाने स्वतःची लेन्स विकली, तर मात्र या कायद्याचा आधार मिळणं अवघड. तिथे पैसे देण्याआधी हातात घेऊन पाहणं हाच उपाय.

पावसाळ्याआधी

कोकण, गोवा आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा बुरशीचा हंगाम. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवणारं ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर घ्या. नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवा. लेन्ससोबत आलेली जुनी चामड्याची केस देखणी असते, पण ती ओल धरून ठेवते. लेन्स तिच्यात ठेवू नका. बुरशी लागलेली लेन्स इतरांपासून वेगळी ठेवा. ऊन दाखवायचं असेल तर तिच्याजवळ बसून दाखवा आणि कागद-कापड दूर ठेवा, कारण उघडी लेन्स उन्हात आग लावू शकते. आणि चार महिने डब्यात बंद करून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा.